टेप कुठे धरली होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत बायकांसाठी एक चाचणी आली होती. 'तुम्ही तुमच्या शरीरावर खूश आहात का?' दहा प्रश्न, प्रत्येक उत्तराला गुण, आणि पानाच्या तळाला उलट्या अक्षरांत निकाल. लग्नसराई असल्याने माझं दुकान रविवारीही उघडं होतं. पाच-सहा जणी बाकावर बसून एकाच पेनाने ती सोडवत होत्या. सगळ्याच्या सगळ्या 'नाराज' निघाल्या. त्यांतली एक येताना जिन्यातच मोठ्याने हसत आली होती, ती जाताना पिशवी पोटाशी धरून गेली. त्याच पानावर खाली वजन उतरवून देणाऱ्याची पाव पान जाहिरात होती. त्याचं मी काही म्हणत नाही, जाहिरातीशिवाय पेपर निघत नाही एवढं मलाही कळतं.

मी इचलकरंजीत लेडीज टेलर आहे. १९९४ पासून ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. बायकांची मापं घेणं हाच धंदा असल्याने या विषयावर चार ओळी लिहायला हरकत नसावी. माझं म्हणणं इतकंच, की कुणाचंही माप सांगायचं तर टेप कुठे धरली होती ते आधी सांगा. ते सांगितलं नाही तर आकड्याला काही अर्थ नाही.

साधी कंबर घ्या. आमच्या दुकानात तिला तीन जागा आहेत. ब्लाउजची कंबर म्हणजे छातीच्या खाली, जिथे ब्लाउज संपतो तिथे. परकराची कंबर म्हणजे नाडी बसते तिथे. आणि डॉक्टरांची कंबर तिसरीकडेच, शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध. आपल्याकडच्या बायकांची ही तिसरी कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढला असं धरतात. माझ्या टेपवर ते साडेएकतीस इंच. एका वहिनींनी माझ्या मापाच्या वहीत स्वतःच्या नावापुढे 'कंबर ३०' वाचलं आणि खूश झाल्या, म्हणाल्या, 'बसले की मी डॉक्टरांच्या हिशेबात.' ती ब्लाउजची कंबर होती. डॉक्टरांच्या जागेवर टेप लावली तर छत्तीस भरली. बाई तीच, टेप तीच, मधे दोन मिनिटंही गेली नव्हती.

शरीराचं असं, मग मनाचं किती?

माझी भाची, भावाची मुलगी, कोल्हापूरला मानसशास्त्रात एम.ए. करते. तिचा प्रकल्प नेमका हाच, बायका स्वतःच्या शरीराकडे कशा बघतात आणि त्यांची नाराजी मोजायची कशी. खरी पाहणी करायच्या आधी प्रश्न चालतात की नाही बघायला ती महिनाभर माझ्या दुकानात बसली. 'आत्या, तुझ्याकडे बायका स्वतःहून अंगाबद्दल बोलतात, असं कुठे मिळणार मला,' म्हणाली. तिच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक चित्रांचा कागद. त्यावर ओळीने नऊ बायका, पहिली काडीसारखी, नववी चांगलीच स्थूल. स्टंकार्ड नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली वापरलेली ही चित्रं. तेव्हा विषय डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या माणसांचा होता, लठ्ठपणा रक्तातून येतो की घरातून हे त्यांना बघायचं होतं. पुढे ती जगभर दुसऱ्याच कामाला लागली. बाईला विचारायचं, आत्ता तू कितवी? आणि तुला कितवी व्हायला आवडेल? पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा. जो फरक राहील ती नाराजी.

दुसरी वस्तू म्हणजे ३४ प्रश्नांची यादी. ही १९८७ सालची, इंग्लंडमधली. गेल्या चार आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, 'कधीच नाही'ला एक गुण, 'नेहमी'ला सहा. म्हणजे कमीत कमी ३४ आणि जास्तीत जास्त २०४.

वजाबाकीचं ऐकून मला हसू आलं, कारण तीच वजाबाकी मी तीस वर्षं करतेय. माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई मापाचा ब्लाउज घेऊन येते. तो बहुतेक वेळा लग्नातला नाहीतर पहिल्या बाळंतपणाच्या आधीचा असतो. 'ह्याच मापाचा शिवा.' मी टेप लावते. ब्लाउज चौतीस, बाई अडतीस. मधले चार इंच म्हणजे भाचीच्या कागदावरचा फरकच की! तिलाही ते पटलं, वहीत लिहून घेतलं.

पण पुढचं ऐका. अशा चार इंचवाल्या एका काकूंना तिने विचारलं, 'ह्या फरकाचं तुम्हाला वाईट वाटतं का?' काकू म्हणाल्या, 'वाटतं तर. चौदा ब्लाउज आहेत कपाटात. एक उसवून सैल करायला तुझी आत्या तीस रुपये घेते. चारशे वीस झाले.' आपण जाड झालो याचं काही नाही का, असं भाचीने खोदून विचारलं. तर म्हणाल्या, 'अगं, माझं टायफॉइडनंतर अंग धरलंय. सगळे म्हणतात, आता माणसात आलीस.'

'अंग धरलं' हे तिच्या नऊ चित्रांत कुठे बसवायचं, तुम्हीच सांगा. आपल्याकडे बाई सुटते, अंग धरते, भरते, वाळते, खंगते. किडकिडीत असते, सडपातळ असते, ठसठशीत असते, थोराड असते. सुटलेली आणि भरलेली या दोघींची छाती माझ्या वहीत एकच असते, छत्तीस म्हणजे छत्तीस. पण एक शब्द ऐकून बाई रडेल आणि दुसरा ऐकून लाजेल. कागदावर दोघीही पाच नंबर.

त्याच आठवड्यात उलटं उदाहरण मिळालं. बत्तीस छातीची एक मुलगी, लग्न ठरवायचं चाललेलं. चित्रांत 'आत्ता कितवी' तिसरी, 'हवी कितवी' तिसरीच. फरक शून्य. म्हणजे खूश. ती मुलगी भर मे महिन्यात मनगटापर्यंत बाही आणि बंद गळा सांगून गेली होती. दंड काळे आहेत, मान त्याहून काळी आहे, पाहुणे बघायला येणार आहेत. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघेने काढलेल्या बाईला रंग कुठून असणार? आमच्या भागात मुलीला पहिला प्रश्न रंगाचा असतो, वजनाचा नंतर.

आता ३४ प्रश्नांचं सांगते. भाचीने मराठी भाषांतर केलं होतं, मग तिच्या मॅडमनी दुसऱ्या कुणाकडून त्या मराठीचं परत इंग्रजी करून घेतलं होतं, अर्थ हलला का ते बघायला. कागदावर नीट जमलं. दुकानात जमेना. 'शरीराकृती' म्हटल्यावर एकीने जन्मपत्रिकेसारखं काही असेल म्हणून जन्मवेळ सांगितली. (खरंच.) 'बांधा' म्हटलं की बायकांना कौतुकाचा शब्द वाटायचा. आणि सगळ्यात मजा 'जड वाटणं' याची. मूळ प्रश्न असा की स्वतःला लठ्ठ असल्यासारखं वाटलं का. भाचीने लिहिलं, 'गेल्या चार आठवड्यांत अंग जड झाल्यासारखं वाटलं का?' सातपैकी सहा जणींनी 'बऱ्याचदा' सांगितलं. एकीने कारणही दिलं, 'वडे खाल्ले की होतंच.' दुसरीचे पाय दिवसभर लूमवर उभं राहून भरून येतात. या सगळ्यांचे पाच-पाच गुण नाराजीच्या खात्यात चालले होते! मीच थांबवलं तिला. शेवटी 'आपण जाड आहोत असं मनात आलं का' एवढं सरळ लिहिल्यावर गाडी रुळावर आली.

एक प्रश्न असा, की अंग हलतं म्हणून तुम्ही पळायचं टाळता का. इथल्या बाईची पळायची वेळ म्हणजे एसटी सुटताना, आणि तेव्हा काय हलतं ते बघायला सवड नसते. आणखी एक, आंघोळ करताना स्वतःकडे बघून काय वाटतं? आमच्या मागच्या चाळीत आंघोळीला बादलीभर पाणी आणि बाहेर दार वाजवणारी तीन माणसं असतात. असल्या प्रश्नांना 'कधीच नाही' असं उत्तर आलं तर ती बाई समाधानी धरायची?

चार आठवड्यांचा हिशेबही मला पटत नाही. नाराजी लग्नसराईत चढते आणि आषाढात उतरते. मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर आलेली आई आणि तीच आई पूजा उरकून पाय सोडून बसलेली, दोघींचे गुण एक येतील का? भाची म्हणाली, म्हणूनच काही दिवसांनी तेच प्रश्न परत विचारून बघतात. चांगलं करतात. पेपरातल्या चाचणीत ते कोण करतं?

आणि विचारलं कुठे, हे तर सगळ्यात मोठं. सुरुवातीला भाची बाकावरच विचारायची. सासू-सून जोडीने आलेल्या. सुनेला चित्र दाखवलं तर सासूनेच बोट ठेवलं, 'ही. आमच्या घरात आल्यावर अजून एक नंबर वाढायला पाहिजे, खात्यापित्या घरची दिसायला नको?' सुनेने मान हलवून पाच नंबर हवा म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने ती ब्लाउज घालून बघायला पडद्याच्या आत गेली. भाचीही आत गेली आणि कागद परत पुढे धरला. पोरीने एक शब्द न बोलता तीनवर नख टेकवलं. पडद्याच्या बाहेर पाच, आत तीन. मधे आमच्या दुकानाचा छापील सुती पडदा, मीटरभर रुंद. त्या दिवसापासून भाची सगळ्यांना आतच नेऊ लागली.

परदेशातल्या विद्वानांनाही दुसऱ्याच्या नजरेचा प्रश्न पडलेला आहे, हे मला तिच्याकडूनच कळलं. १९८५ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलामुलींना अशीच चित्रं दाखवली. मुलींना वाटत होतं त्यापेक्षा मुलांना प्रत्यक्षात थोड्या भरलेल्या मुली आवडत होत्या. म्हणजे मुली जे माप धरून झुरत होत्या ते मुलांनी दिलेलंच नव्हतं. आमच्याकडे हे माप देणारे पुष्कळ. सासूला भरलेली हवी, फोटोग्राफरला बारीक हवी, आणि नवऱ्यांचं म्हणाल तर तीस वर्षांत 'बायकोचा ब्लाउज सैल शिवलात' अशी तक्रार घेऊन आलेला नवरा मी एकच पाहिला, तोही पैसे परत मिळतील म्हणून आलेला.

फिजी बेटांवरची गोष्ट मात्र मला हलवून गेली. तिथे भरलेलं अंग चांगलं मानत, कुणी वाळलं तर घरच्यांना काळजी लागायची. अगदी आपल्या 'अंग धरलं'सारखंच. १९९५ साली तिथल्या एका भागात टीव्ही आला. तेव्हा शाळकरी मुलींना खाण्याच्या सवयींचे प्रश्न विचारले होते. चिंता वाटावी इतके गुण १२.७ टक्के मुलींना पडले. तीन वर्षांनी त्याच भागातल्या त्याच वयाच्या मुलींना विचारलं तर २९.२ टक्के. ही मोजणी कामाची, कारण त्यांनी आधीचंही माप घेऊन ठेवलं होतं आणि टेप दोन्ही वेळेला एकाच जागी धरली होती. कोण, कुठल्या, कधी, सगळं लिहिलेलं आहे. तेव्हा मोजूच नका असं मी म्हणत नाही.

मोजायची गरज आहे हे तर मी रोज बघते. पूर्वी मी मापं मोठ्याने सांगायचे आणि शिकाऊ मुलगी वहीत लिहायची. 'छाती चाळीस, मुंढा अठरा, दंडघेर चौदा.' साधारण २०१० नंतर बायका म्हणायला लागल्या, 'काकू, हळू सांगा.' मग 'आकडा बोलूच नका.' आता आमची दुकानातली भाषा अशी आहे की छातीतून तीस वजा करून सांगायचं. चाळीसला दहा. बाकावरच्या बाईला वाटतं, काहीतरी दहा इंच चाललंय. पोट आत ओढून श्वास धरणाऱ्या बायका पूर्वी दहात दोन असायच्या, आता सोळा वर्षांची पोरसुद्धा टेप बघितली की श्वास धरते. तिला मी आडगावच्या जत्रेचं काहीतरी विचारते. ती उत्तर द्यायला तोंड उघडते, श्वास सुटतो आणि मग मी माप घेते.

एका बाईंचं लिहायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. त्या आल्या तेव्हा दुकान बंद करून मी माप घेतलं. आत खिसा करून त्यात कापूस भरून दिला. आठ दिवसांनी परत आल्या. दिसायला ठीक होतं, पण कापसाला वजन नाही, त्यामुळे चालताना ब्लाउज डावीकडून वर चढायचा आणि सारखा ओढून खाली घ्यावा लागायचा. दोघींनी मिळून डोकं चालवलं. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात ना, तशी मऊ मलमलीची गोल पिशवी केली, आत मोहरी, वर कापसाचा पातळ थर. वजन जमेपर्यंत मोहरी चमच्या-चमच्याने घालत आणि काढत बसलो. जमल्यावर त्या आरशासमोर चार वेळा वळल्या, हात वर केला, वाकून जमिनीवरचा खडू उचलला. ब्लाउज हलला नाही.

भाचीने त्यांनाही कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ नऊ बायका न्याहाळल्या आणि म्हणाल्या, 'चार. आधीही चार, आत्ताही चार आणि हवी तीही चार.' फरक शून्य. मग म्हणाल्या, 'ह्या सगळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच आहेत गं.' भाचीने तो कागद मोजणीत धरला नाही, वेगळा ठेवला. तिच्या मॅडमनी काय सांगितलं माहीत नाही, मला तिचं बरोबर वाटलं.

आता तुमच्या चाचणीकडे येते. तिचे दहा प्रश्न कुणी तयार केले, कुणावर करून पाहिले, मूळ मराठीत होते की भाषांतर, 'इतके गुण म्हणजे नाराज' ही रेघ कुणी मारली, यातलं काहीच छापलेलं नव्हतं. तिसरा प्रश्न होता, 'तुम्हाला वजन कमी करावंसं वाटतं का?' 'हो'ला शून्य गुण. अहो, ज्या बाईला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी आठ किलो उतरवायला सांगितलंय ती 'हो'च म्हणणार. आणि वजन वाढावं असं वाटणाऱ्या बाईला तर तुमच्या चाचणीत जागाच नव्हती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत २४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या, तशा १८.७ टक्के नको इतक्या बारीकही निघाल्या, आणि ५७ टक्क्यांना रक्त कमी. माझ्या एका बाकावर या तिन्ही प्रकारच्या बायका शेजारी-शेजारी बसतात. त्यातली बारीक पोर दंडाला दुहेरी अस्तर लावून मागते, हाड दिसू नये म्हणून. तिला तुमच्या चाचणीत पूर्ण गुण पडले असते.

तेव्हा पुढच्या वेळी असं काही छापायचं झालं तर निदान खाली दोन ओळी द्या, की हे प्रश्न कुठले आहेत, कुणाला विचारून पाहिलेत आणि गुणांवरून काय ठरत नाही. जागा कमी पडली तर दहाऐवजी आठ प्रश्न छापा. शक्य झालं तर 'एकटीने सोडवा' असंही लिहा, बाकावर बसून पाच जणींनी एकमेकींची उत्तरं बघत सोडवली की काय होतं ते मी पाहिलं आहे. भाची मदत करायला तयार आहे, तिची परीक्षा संपली की.

माझं नाव कृपया छापू नये. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना विचारून लिहिलंय. मोहरीच्या पिशवीचं लिहाच, आणखी कुणाच्या कामी येईल, असं त्या बाईच म्हणाल्या. सासू-सुनेतल्या फक्त सुनेला विचारलंय. चौदा ब्लाउजवाल्या काकू तुमचाच पेपर घेतात. त्यांचे अकरा उसवून झाले, तीन गुरुवारी देते.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी